करडईची सासू

बिराजदार साहेबांनी माझी वही मधेच कुठेतरी उघडली आणि मोठ्याने वाचलं, "करडईला दोन दिवस ताप. गोळ्या बंद केल्या नाहीत. जवस बाजाराला आलीच नाही. तिळाच्या डाव्या पायाची जखम भरत आली." शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला, मग त्याच्या पलीकडचा. साहेबांनी वही मिटली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, की बाई, ही वही आपल्या खात्याची की शेतकी खात्याची? एरवी मी हसले असते. मला हसायला फार लागत नाही, आणि आभार मानायला तर त्याहून कमी लागतं. कंडक्टरने सुटे पैसे दिले तरी मी त्याचे आभार मानते, असं माझे बाबा म्हणतात. पण त्या दिवशी हसू आलं नाही. सात वर्षं मी ज्या माणसांसाठी उन्हातान्हात फिरले ती माणसं परक्या तोंडून ऐकताना मलाच खोटी वाटायला लागली. तीळ कोण? जवस कोण? मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, समोरच्या भिंतीवर नव्या जिल्ह्याचा नकाशा होता, आणि मला क्षणभर त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आठवेना.

मी सिंधु जोंधळे, मूळची नांदेडची. सीमेपलीकडे, कर्नाटकात, बीदरच्या अलीकडे मिशनचं एक कुष्ठधाम होतं, तिथे मी समाजसेविका होते. पदविकाही तिकडचीच. आई गेली, बाबा नांदेडला एकटे पडले, आणि त्याच सुमाराला लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याच्या दवाखान्यात समाजसेविकेची जागा निघाली. लातूरहून नांदेड शनिवारी संध्याकाळी गाठता येतं, हा मोठा हिशेब करून मी तिकडचा राजीनामा दिला आणि इकडे हंगामी म्हणून लागले. अट एकच होती. माझी परराज्यातली पदविका आणि तिथलं काम महाराष्ट्राने जूनअखेर मान्य करायला हवं, नाहीतर जागा रिकामी. तिकडे माझ्या खुर्चीत तोवर दुसरी मुलगी बसली होती. म्हणजे मान्यता मिळाली नाही तर मी ना इकडची ना तिकडची, आणि बाबा पुन्हा एकटे. पदविकेचं प्रकरण सुरळीत निघालं. अडलं ते कामाच्या पडताळणीवर, आणि ती बिराजदार साहेबांच्या हाती होती. कुष्ठधामाच्या रजिस्टरात माझ्या वहीतलं एकही नाव नव्हतं. कसं असणार? देवणी, उदगीर, देगलूर इकडची माणसं सीमा ओलांडून तिकडे औषधाला यायची ती गावात कळू नये म्हणूनच. रजिस्टरात ती खोटी नावं सांगायची आणि आम्ही वहीत खरं किंवा खोटं, कुठलंच नाव लिहायचो नाही.

ही रत्नम्मांची शिस्त. रत्नम्मा माझ्या वरच्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, कानडी मराठी एका दमात बोलणाऱ्या. पहिल्याच महिन्यात मी वहीत एका बाईचं नाव गावासकट सुवाच्य अक्षरात लिहिलं तर त्यांनी ते पान फाडून चुलीत घातलं. "बरीबेडा," म्हणाल्या, लिहू नकोस. वही बसमध्ये राहील, पावसात भिजेल, कुणाच्या हाती लागेल, आणि त्या बाईचं घर उठेल. त्यांनी मला धान्यांची नावं द्यायला शिकवलं. कोण कुठलं धान्य ते एका कागदावर असायचं, आणि तो कागद दर मार्चला त्या स्वतःच्या हाताने जाळायच्या. त्याआधी मला पाठ म्हणायला लावायच्या. चौसष्ट नावं, चौसष्ट गावं. मी शाळेत पाढे इतके पाठ केले नव्हते. रत्नम्मा दोन वर्षांपूर्वी वारल्या, नाहीतर त्याच येऊन साहेबांसमोर बसल्या असत्या आणि साहेबांनाच चार गोष्टी ऐकवल्या असत्या. त्यांचा मला राग यायला हवा होता, कारण त्यांच्या शिस्तीनेच मी अडकले होते. पण राग येईना. त्यांनी मला जे शिकवलं त्यात हेच सगळ्यात मोलाचं होतं असं मला तेव्हाही वाटत होतं, आणि वाटत होतं म्हणूनच माझी पंचाईत होती.

बिराजदार साहेब वाईट नव्हते. टेबलावर ‘सिद्धराम बिराजदार’ अशी नवीकोरी पाटी, पण कपाटावर अजून उस्मानाबादचं नाव, वरून चुना फासलेला. शिक्का येत्या आठवड्यात येणार होता आणि गेले नऊ महिने तो येत्या आठवड्यातच येणार होता. बाहेर दोन-दोन दिवसांनी टँकर यायचा, कचेरीतल्या माठावर झाकण आणि झाकणावर कुलूप. अशा दिवसांत माझ्या एकटीच्या कागदासाठी त्यांनी अर्धा तास दिला हेच खूप होतं. त्यांनी कारकुनांना गप्प बसवलं आणि मला सांगितलं, की बाई, वहीतली कुठलीही तीन नावं तोंडी सांगा. मी लिहून घेतो. आमची गाडी जाऊन विचारून येईल, की या बाई तुमच्याकडे येत होत्या का. हो म्हणाले की झालं. सोमवारी या. मी मान हलवली आणि त्यांचे आभारही मानले. जिना उतरताना गाडी दिसली. दुष्काळामुळे गावोगाव फिरून पांढरी धूळ बसलेली जीप, दारावर ठळक अक्षरात ‘कुष्ठरोग नियंत्रण’. ही जीप कुणाच्या दारात पाच मिनिटं उभी राहिली की पुढे काही विचारायची गरज उरत नाही. मी जीपला वळसा घालून रस्त्यावर आले.

शनिवारी संध्याकाळी नांदेडला गेले. बाबा, म्हणजे श्रीमंत जोंधळे, रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. छप्पनला धम्म घेतला तेव्हा ऐन तारुण्यात होते. त्यांनी माझ्यासाठी वांग्याची भाजी केली होती आणि भाकरी शेजारच्या बाईंकडून आणली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील दे तीन नावं, चौसष्टातली तीन गेली तर काय होतंय. कदाचित मी तेच ऐकायला गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग भलतंच सांगितलं. ते नोकरीला लागले तेव्हा गँगचा माठ निराळा होता, यांना त्याला शिवायची बंदी. ओंजळ धरायची, वरून कुणीतरी ओतायचं. ग्यानोबा नावाचा एक मुकादम होता, तो दुपारी सगळे झोपले की माठच उचलून यांच्यापाशी आणून ठेवायचा आणि म्हणायचा, पी लेका, मी बघून नाही राहिलो. ही गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती. मी विचारलं, मग मी काय करू? बाबा म्हणाले, "मला इचारू नको. मी एकटा ऱ्हायला शिकलोय. तू माज्यासाठी म्हणून काई करू नको." आणि त्यांनी माझ्या ताटात उरलेली भाजी वाढली. त्यांचे आभार मी मानले नाहीत. ते मानू देत नाहीत. पण रविवारी पहाटे परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी रडले, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं.

तरीसुद्धा मी लातूरपर्यंत गेले नाही, वाटेतच उतरले. दुसरी बस धरून उदगीर आणि तिथून देवणीची वाट धरली. मी स्वतःला सांगत होते, की नुसतं भेटायला जातेय. करडईला मी कित्येक महिने पाहिलं नव्हतं. तिला करडई म्हणायचं कारण असं, की ती पहिल्यांदा आली ती करडई काढायच्या दिवसांत. करडईचे काटे किती वाईट ते ज्याने काढली त्याला ठाऊक. बायका हातांना चिंध्या गुंडाळतात तरी संध्याकाळी तळवे आगीसारखे होतात. हिचा डावा हात ओरखड्यांनी भरला होता, दोन काटे बोटात मोडून राहिले होते, आणि तिला पत्ता नव्हता. दुसरीच एक बाई बघून किंचाळली तेव्हा हिला कळलं. तोच रोग. खरं नाव धुरपताबाई, घर शेतकऱ्याचं, चार एकर कोरडवाहू. मी दर महिन्याला उदगीरच्या बाजारात कस्तुराबाई कासारणीच्या पालापाशी बसायची, धुरपता बांगड्या भरायला म्हणून यायची, आणि गोळ्यांची पुडी काकणांच्या कागदात तिच्या हाती जायची. कस्तुराबाईने सात वर्षांत एकदाही विचारलं नाही, की ही बाई दर महिन्याला बांगड्या फोडते कशी. धुरपता बसली की पाच मिनिटं रोगाची आणि वीस मिनिटं सासूची. सासू चुलीला हात लावू देत नाही. सासू आडावर जाऊ देत नाही, पाणी स्वतः शेंदते आणि वर कुरकुरते. सासूला माझं काहीच पटत नाही. मी ते सगळं वहीत उतरवून घ्यायची. ‘सासूचा जाच’ असं माझं एक सदरच होतं. आणि दर खेपेला तिचा डावा हात उलटासुलटा करून बघायची. पहिल्या वर्षाचा एक भाजल्याचा फोड सोडला तर पुढे एक फोड नाही, एक चट्टा नाही. संवेदना गेलेला हात इतका धड राहिलेला मी दुसरा पाहिला नाही. मी तिला शिकवलं होतं, रोज दिवेलागणीला हात डोळ्यांनी तपासायचा. रत्नम्मा चार लोकांत सांगायच्या, की हा हात सिंधूने राखला. मलाही तसंच वाटायचं. कुठे काही बिनसलं, की मी तो हात आठवायची आणि मला बरं वाटायचं.

गाव सगळं पाझर तलावाच्या कामावर होतं. दुष्काळी काम, खोदलेल्या मातीचे ढीग, टोपल्यांची रांग, आणि झाड म्हणावं असं एकच, बाभळीचं. धुरपताने मला लांबूनच ओळखलं. भाकरीच्या सुट्टीत आम्ही त्या बाभळीखाली जरा बाजूला बसलो. मी तिचा हात पाहिला, तब्येत विचारली, आणि नको नको म्हणत असताना सगळं बोलून गेले. सोमवार, बिराजदार साहेब, तीन नावं, जीप. वहीत तुझं नाव करडई आहे, हेही सांगितलं, हसून. ती हसली नाही. एक म्हातारी कळशी आणि पेला घेऊन माणसांना पाणी पाजत होती. अशा कामावर पाणी वाढायला एक म्हातारं माणूस ठेवतात. ती आमच्याजवळ येऊन थांबली, मला पेला दिला, मी प्यायले, आभार मानले, ती शेजारच्या ढिगाकडे वळली. ती गेल्यावर धुरपता हळू म्हणाली, "बाई, दुसऱ्या कोनाचं नाव द्या की. मला टँकरपाशी उभं ऱ्हाऊ देनार न्हाईत." ती मातीकडे बघत होती. मला लाज वाटली आणि त्याच क्षणी मोकळंही वाटलं. मी तिला म्हटलं, की तुझंच काय, कुणाचंच देणार नाही. हे मी तिच्यासमोर बोलले तेव्हाच ते ठरलं, त्याआधी ठरलं नव्हतं. उठताना तिने सांगितलं, की ती पाणी वाढणारी तिची सासू, नागुबाई. मी वळून पाहिलं. काटकुळी, पाठीत वाकलेली, एका पेल्यात सगळ्या गावाला पाणी पाजत चाललेली.

सोमवारी मी राजीनाम्याचा मसुदा पर्समध्ये घालून कचेरीत गेले. माझ्या मनात बाबांना पत्र कसं लिहायचं तेवढंच घोळत होतं. साहेबांच्या टेबलासमोर नागुबाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि साहेब पेन उघडून बसलेले. ती त्यांना सांगत होती, "त्या वहीत करडई म्हून हाय न्हवं, ती मी. नागुबाई. देवनीकडची. रगतपिती झालती मला. ह्या बाईनं गोळ्या दिल्या, लई वर्सं. लिवा माजं नाव." आणि तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं वाकलेली, पण ती वयाने आणि कामाने वाकलेली. त्या हातांवर जुने भाजल्याचे डाग होते, दोरीचे घट्टे होते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला ते हात रोग्याचेच वाटले असते. कारकून खुर्ची मागे सरकवून उठला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ह्याच का त्या?

मी लगेच उत्तर दिलं नाही. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत असे, की लगेच दिलं. ते खरं नाही. हो म्हणायला मान हलवण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. म्हातारी स्वतःहून आली होती, कुणी आणली नव्हती. जागा राहिली असती, बाबांकडे शनिवार राहिले असते. तिचं काय जाणार होतं? आणि मग मला पेला दिसला, कालचा, पितळी, माणसामाणसांतून फिरणारा. तिच्या हातचं पाणी उद्यापासून कोण पिणार होतं? त्या पाणी वाढण्यावर त्यांच्या घरात धान्य येत होतं. आणि धान्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती सगळ्या गावाला पाणी पाजत होती आणि गाव पीत होतं. ते सोडायला ती पहाटेच्या बसने आली होती. माझ्या तोंडून निघालं, "नाही साहेब. ह्या नव्हेत." नागुबाई माझ्यावर डाफरली, "बाई, तुमी मधी बोलू नका." साहेबांनी विचारलं, मग ती कोण? मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, आणि बाकीच्या दोघांचीही नावं सांगणार नाही.

साहेबांनी कारकुनाला चहा सांगायला खाली धाडलं. मग स्वतः उठले, खिशातून किल्ली काढून माठाचं कुलूप उघडलं आणि म्हातारीला पाणी दिलं. ती प्यायली. तोच पेला विसळून न घेता त्यांनी स्वतः पाणी घेतलं. मग तिला खुर्चीवर बसायला सांगून विचारलं, की आजी, खरं काय ते नाव न घेता सांगा, ह्या बाईंनी तुमचं काय केलं? नागुबाई खुर्चीवर बसली नाही, खालीच टेकली. म्हणाली, "माज्या घरात रोग आला व्हता. घरचं मानूस घरात ऱ्हायलं. आमच्या आळीत दुसऱ्या एकीला झालता, तिला शिवंच्या भाईर खोपीत ठिवली, ती तितंच मेली. आमची न्हाई गेली." साहेब बराच वेळ काही लिहीत होते. मला वाचायला दिलं. रुग्णाच्या घरच्या व्यक्तीने समक्ष येऊन काम झाल्याचे सांगितले, अर्जदाराने रुग्णांची नावे उघड करण्यास नकार दिला, तो नकार या कामाला धरूनच आहे असे माझे मत आहे, शिफारस. वरचे काय म्हणतील सांगता येत नाही, असं ते म्हणाले. वरच्यांनी महिनाभर काहीच म्हटलं नाही, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात मान्यतेचा कागद आला. बिराजदार साहेबांना मी त्यानंतर कितीदा भेटले, पण त्या दिवसाविषयी बोलायला गेले की ते विषय बदलायचे.

पण त्या सोमवारी हे काही ठाऊक नव्हतं. मी नागुबाईला एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. तिला घाई होती, चारला टँकर यायचा होता. घरी ती डोळे दाखवायला उदगीरला जाते म्हणून सांगून आली होती. आदल्या दिवशी आम्ही बाभळीखाली बोललो ते तिने पाणी वाढता वाढता ऐकलं होतं. मी विचारलं, की तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? ती म्हणाली, पहिल्या वर्षापासनं. सुनेने एकदा तव्यावरची भाकरी काढताना तवाच धरला आणि धरूनच राहिली, बोलत बोलत. तिला कळलं नाही. हिला कळलं. त्या दिवसापासून नागुबाईने चूल स्वतःकडे घेतली. विस्तव नको, दोर नको, विळा नको. सांगायचं कसं, की तुला रोग आहे हे मला ठाऊक आहे? ती आपण होऊन बोलेना, तर हिने का बोलावं? म्हणून कुरकुरायचं सोंग घेतलं. तुला भाकरी जमत नाही, तुला पाणी शेंदता येत नाही, ऊठ तिथून. सात वर्षं. सून बाजाराच्या दिवशी बांगड्यांचं निमित्त करून निघाली, की ही कणगीआडून बघायची, पुडी घेऊन आली की नाही. एकदा पावसात सून जायचा कंटाळा करत होती तर हिने भांडण काढून तिला घरातून बाहेर घातली. ते भांडणही माझ्या वहीत होतं, तारखेसकट. मी तिथे फलाटावर उभी होते, माणसं येत जात होती, आणि मला तो डावा हात आठवत होता, फोड नसलेला, चट्टा नसलेला. सात वर्षं मी जो माझा म्हणून मिरवत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट इतकं भरून आलं, की मी वाकून तिच्या पायांना हात लावला. आम्ही पायांना हात लावणारी माणसं नाही; बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी भुवया चढवल्या असत्या. तिने मला दंडाला धरून उठवलं.

उदगीरची बस लागली. पायरीवर चढल्यावर ती वळली आणि म्हणाली, "सुनंला ह्यातलं काई सांगू नका. ती मला मनातल्या मनात शिव्या देती, त्या बऱ्या हायेत. कळलं तर बिचारीला माज्यापुडं मान वर करून बोलता येनार न्हाई." कंडक्टरने घंटी दिली. मी कुणाला सांगणार नाही असं तिला म्हटलं, आणि धुरपता गेली त्या वर्षापर्यंत मी तो शब्द पाळला.